डोकं वर, डोकं खाली

माणूस कशावरून पेटेल याचा नेम नाही. कोणी जमिनीच्या तुकड्यावरून पेटतो, कोणी मानपानावरून. धाकटी पेटली ती पेन्सिल सेलवरून.

तशी ती सोसणारी. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा फोटो स्टुडिओ त्यांच्या माघारी दादाकडे गेला तेव्हा तिने ब्र काढला नाही. तिने काढलेल्या फोटोंच्या मागे दादा स्वतःच्या नावाचा शिक्का मारू लागला, तेव्हाही तिने मिठाची गुळणी धरली. दादा म्हणायचा, "शिक्का स्टुडिओचा असतो गं, माणसाचा नसतो." शिक्क्यात नाव मात्र माणसाचंच होतं, आणि ते दादाचं होतं. गिऱ्हाइकं तिला "दादांची बहीण" म्हणून ओळखत. तिला खरं नाव आहे हे बहुधा रेशनकार्ड सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं.

स्टुडिओत फ्लॅशला सेल लागत. वापरायचे आणि फेकायचे, हा अण्णांच्या काळापासूनचा शिरस्ता. एकेका लग्नाला पिशवीभर सेल जायचे. मेलेले सेल मागच्या दाराजवळच्या बादलीत पडत आणि तिथे फुगून पांढरं, चिकट काहीतरी ओकत बसत. झाडणाऱ्या बाईने एकदा बजावलं होतं, "तुमच्या त्या बादलीला मी हात लावायची नाही. ती बादली आजारी आहे."

घरी आई मात्र सेलचा जीव इतक्या सहज जाऊ देत नसे. स्टुडिओत दमलेला सेल घरी यायचा तो टॉर्चमध्ये. तिथे दमला की रिमोटमध्ये, रिमोटमध्ये मान टाकली की भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळही अडलं की आई त्याला खिडकीत ऊन दाखवायची, तळहातावर चोळायची आणि पुन्हा बसवायची. घड्याळ खरोखर थोडा वेळ चालायचं. "बघ," आई म्हणायची, "दोन गोड शब्द बोललं की काम करतो. माणसांपेक्षा बरा."

चार्जर पहिल्यांदा घरात आणला तो धाकटीने. घड्याळ, रिमोट, टॉर्च, आईचं रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळ्यांत तिने पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल घातले. आईने आधी नाक मुरडलं. "एकदा गेलेल्याला परत उठवायचं, आणि तेही दर आठवड्याला? असलं काही बरं नव्हे." पण पुढे तीच शेजारणीला हाताला धरून चार्जर दाखवायला आणू लागली, आणि हा शोध आपणच लावल्यासारखं समजावून सांगू लागली. हा गुण त्यांच्या घराण्यातच होता.

मग धाकटीने स्टुडिओकडे मोर्चा वळवला. दादा म्हणाला, "हे सेल खेळण्यात घालायचे. भर लग्नात दगा दिला तर लोकांना तोंड तू दाखवणार का?" ती वाद घालत बसली नाही. एका फ्लॅशला चार सेल लागतात. चारांतला एक जरी मरगळलेला निघाला तरी उरलेल्या तिघांना घेऊन बुडतो, म्हणून तिने चौघाचौघांची कुटुंबं केली आणि प्रत्येक कुटुंबाला नेलपॉलिशचा वेगळा ठिपका दिला. कुटुंब एकत्र भरायचं, एकत्र वापरायचं. सेल ठेवायला खणाखणांचा एक डबा घेतला आणि त्याचा नियम ठरवला: भरलेला सेल डोकं वर करून ठेवायचा, वापरलेला डोकं खाली. सेलच्या डोक्याला तो बारीक उंचवटा असतो ना, तो बोटाला लागला की जिवंत. सपाट लागलं की गेला. मग हॉलमध्ये कितीही अंधार असो, बघावं लागत नाही.

नियम इतका अंगवळणी पडला की दादासुद्धा झोपेत तो पाळू शकला असता. बादली गेली, झाडणारी बाई खूश झाली, आणि दादाने दारावर पाटी लावली: "आमच्या स्टुडिओत फेकाऊ सेल वापरले जात नाहीत." पाटीखाली नाव दादाचं.

इथवरही ठीक होतं. पण मग फोटोग्राफर संघटनेने दादाला मानचिन्ह दिलं.

वार्षिक मेळाव्यात, भरल्या सभागृहात संघटनेच्या अध्यक्षांनी विचारलं, "ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" दादाने माइक जवळ ओढला आणि घसा साफ केला. "मला वाटलं, आपण किती कचरा करतो. मग रात्रंदिवस विचार केला." त्याने कुटुंबं सांगितली, ठिपके सांगितले, डोकं वर आणि डोकं खाली हाताने करून दाखवलं. लोक माना डोलवत होते. शेवटच्या रांगेत धाकटी बसली होती. आता तरी नाव घेईल, म्हणून ती थोडी पुढे सरकलीही.

"घरून काही मदत होते का?" अध्यक्षांनी विचारलं.

"होते ना," दादा हसून म्हणाला. "घरी बहीण आहे. ती सेल चार्जिंगला लावते."

लोक कौतुकाने हसले. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण हा नागोबा बीळ खणणाऱ्यालाच द्वारपाळ म्हणून ठेवत होता.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आईने सुस्कारा सोडला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कोणाकडे?" मग जरा वेळाने, उशी नीट करता करता म्हणाली, "आणि सेल तूच लावतेस ना चार्जिंगला? मग तो खोटं काय बोलला?"

दादाने मानचिन्ह स्टुडिओत, बरोबर चार्जरच्या वर, भिंतीवर ठोकलं. रोज सेल लावताना ते धाकटीच्या डोक्यावर यायचं. तिने ठरवलं की चारचौघांत गेलेलं चारचौघांतच वसूल करायचं. जिथे अध्यक्ष असतील तिथे, त्यांच्या डोळ्यांदेखत याचे हे नावाजलेले सेल मरायला हवेत, आणि याला घाम फुटलेला आपण शेजारी उभं राहून बघायचा.

संधी चालून आली. अध्यक्षांच्या भाचीचं लग्न ठरलं आणि फोटोंचं काम अर्थातच मानचिन्हवाल्या स्टुडिओला मिळालं. लग्न साधं होतं. हॉलमध्ये सह्या, मग जेवण. मुलीच्या वडिलांना हे लग्न पसंत नव्हतं. मी त्या हॉलची पायरी चढणार नाही, असं सांगून ते घरी बसले होते, म्हणून सगळं मामाने, म्हणजे अध्यक्षांनी अंगावर घेतलं होतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी दादा दाढी करायला गेला. धाकटीने डबा उघडला. जुन्या सेलची काही कुटुंबं तिने बाजूला काढून ठेवली होती, म्हातारी झालेली. चार्जरवर ती इमाने हिरवा दिवा दाखवत, फ्लॅशमध्ये घातली तर दोन-चार वेळा उजेड पाडत आणि मग एकाएकी राम म्हणत. त्यांतलं एक कुटुंब तिने फ्लॅशमध्ये घातलं. बाकीची डब्यात ठेवली, डोकं वर. आणि भरलेले, खणखणीत सेल ठेवले डोकं खाली. काम संपायला वेळ लागला नाही. त्या बिचाऱ्या मुलीचं लग्न आहे, तिचे फोटो आहेत, हे तिच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि तिने ते डब्याच्या झाकणाखाली घालून झाकण लावलं.

दादा चकाकत परतला. फ्लॅश एकदा उडवून पाहिला. "फर्स्टक्लास," तो म्हणाला.

हॉलच्या वरच्या मजल्यावर नवरीची खोली होती. मोठा आरसा, त्याच्यावर एक मंद पिवळा बल्ब, खुर्च्यांवर पसरलेले कपडे. तयारी आटोपली होती, म्हणून दादालाही आत बोलावलं गेलं. नेहमीप्रमाणे कॅमेरा दादाच्या गळ्यात, पिशवी आणि डबा धाकटीच्या खांद्याला.

नवरी आरशातूनच म्हणाली, "दादा, माझ्या मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो तुमच्याच स्टुडिओने काढले होते. तयारीच्या खोलीतले फोटो फार सुंदर होते. कोणी काढले ते?"

"मीच," दादा म्हणाला. सवयीने म्हणाला.

"पण त्या खोलीत तिच्या आजीने एकाही पुरुषाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. तिचा भाऊ दाराबाहेर रुसून बसला होता."

खोलीतल्या बायका खुदखुदल्या. दादा कानांपर्यंत लाल झाला. नवरी वळली आणि धाकटीकडे पाहून म्हणाली, "ताई, आज मेन कॅमेरा तुम्ही घ्या ना. दादा तुम्हाला मदत करतील."

गिऱ्हाईक, त्यातून अध्यक्षांची भाची. दादाने कडू औषध घ्यावं तसं तोंड केलं, कॅमेरा काढून धाकटीच्या गळ्यात घातला, आणि पिशवी व डबा आपल्या खांद्याला लावला.

किती वर्षं ती या क्षणाची वाट पाहत होती. कॅमेऱ्याचा पट्टा मानेवर टेकला तेव्हा तिने तो दोनदा सरळ केला. आणि त्याच क्षणी तिला डबा आठवला. करायला गेली एक आणि झालं भलतंच. तिने खणलेल्या खड्ड्याच्या काठावर आता तीच उभी होती, आणि डबा दादाच्या हातात होता.

तिने फोटो काढायला सुरुवात केली. फ्लॅश उडाला, पुन्हा उडाला, मग त्याचा भरण्याचा तो बारीक सूर लांबत गेला, रडवेला झाला आणि थांबला. "सेल," ती म्हणाली. दादाने न बघता डब्यात बोटं घातली, उंचवटा चाचपला, डोकं वर असलेलं कुटुंब दिलं. एक फोटो निघाला. दुसऱ्याला फ्लॅश गप्प. दादाने आणखी एक कुटुंब दिलं. ते त्याहून लवकर गेलं.

"हे काय चाललंय?" दादा कुजबुजला. त्याच्या गुळगुळीत गालावर घामाची रेघ उतरली.

तेवढ्यात दारात अध्यक्ष आले. त्यांचा आवाज जागेवर नव्हता. "बाबा आलेत," ते भाचीला म्हणाले. "जिन्यात आहेत. वर येतायत."

नवरी जागच्या जागी थिजली. जिन्यावर जड, थांबत थांबत येणारी पावलं वाजू लागली. अध्यक्षांनी दादाकडे पाहिलं. "हा फोटो हवाच," ते म्हणाले. "बाकी एक नाही निघाला तरी चालेल."

दादाने डब्यात हात फिरवला. सगळीकडे सपाट लागत होतं. "साहेब, सेल... सगळे गेलेत." तो हे बोलला तेव्हा त्याचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला होता.

धाकटीला हवा होता तो हाच चेहरा. अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत पडलेला, मानचिन्हवाल्याचा. ती आता नुसती गप्प राहिली असती तरी सूड पुरा झाला असता. तिने तो चेहरा पोटभर पाहिला, आणि खरंच सांगायचं तर तिला तो गोडही लागला. पण पावलं दाराशी येत होती आणि कॅमेरा तिच्या गळ्यात होता. जाणार होता तो फोटो दादाचा नव्हता. तिचा होता.

"खालचे दे," ती म्हणाली.

"ते रिकामे आहेत."

"दादा, खालचे दे."

त्याने दिले नाहीत, म्हणून तिने स्वतः हात घालून, ठिपका बघून, डोकं खाली असलेले चार सेल उपसले आणि फ्लॅशमध्ये सरकवले. सूर उठला, सरळ चढत गेला, आणि फ्लॅश तयार असल्याचा लाल दिवा लख्ख लागला. दादा त्या दिव्याकडे पाहत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. आपल्याला कळलंय हे त्याने तिला कळू दिलं.

वडील दारातून आत आले आणि मुलीच्या मागे येऊन थांबले. दोघांची पाठ धाकटीकडे, चेहरे फक्त आरशात. मुलीने मान वर केली आणि आरशातच वडील तिला दिसले. म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

धाकटी त्यांच्या मागे आडोशाला होती. तिथून फोटो सुरेख आला असता. अण्णांचा नियम होता, फोटोवाला फोटोत दिसला की फोटो फुकट. मुलांना कॅमेरा धरायला शिकवलं त्याच्या आधी त्यांनी हा नियम शिकवला होता. दादा शिक्का मारायचा तो याच नियमाच्या जोरावर. काढणारा दिसतच नाही, तर शिक्का कोणाचाही बसतो.

उजेड आरशात आदळू नये म्हणून धाकटीने फ्लॅशचं तोंड छताकडे वळवलं आणि आडोशातून एक पाऊल बाजूला आली, उघड्यावर. आरशात मुलीचा चेहरा आला, वडिलांचा आला, आणि दोघांच्या मधोमध ती स्वतः आली. तिने बटण दाबलं.

हॉलमधल्या सह्या, जेवणं, निरोप, सगळं तिनेच काढलं. खालच्या सेलनी शेवटपर्यंत साथ दिली. सामान बांधताना जिन्याखाली दादाने तिला गाठलं.

"तू उलटे ठेवलेस."

"हो."

"अण्णांच्या धंद्यावर उठलीस? मी सांगेन सगळ्यांना. अध्यक्षांना आत्ता जाऊन सांगतो."

"सांग की," धाकटी म्हणाली. "पण काय सांगशील? डोकं वर, डोकं खाली ही पद्धत तर तुझी. रात्रंदिवस विचार करून काढलेली. स्वतःच्या पद्धतीत स्वतः कसा फसलास, ते नीट समजावून सांग त्यांना. माइक आणून देऊ?"

दादाने डब्याचं झाकण उगाच घट्ट दाबलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. तिने पिशवी उचलली नाही. ती त्याच्याच खांद्याला राहू दिली.

फोटो धुऊन आले तेव्हा आरशातला फोटो पाहून दादाने कात्री शोधली. पण कापणार कुठे? मधली धाकटी काढायची तर एका बाजूने मुलगी जात होती, दुसऱ्या बाजूने बाप. नवरीने तोच फोटो भला मोठा करून मागितला. म्हातारे वडील स्वतः स्टुडिओत आले, एक प्रत घेऊन गेले, आणि जाताना धाकटीला "येतो बेटा" म्हणाले. आणि अध्यक्षांनी फर्मान सोडलं की असा फोटो काढणाऱ्या स्टुडिओने तो दर्शनी काचेत लावलाच पाहिजे, ते येता जाता पाहतील. मामाच्या मर्जीपुढे दादाचं काय चालणार? त्याने फोटो काचेत लावला. खाली शिक्का मात्र आपलाच मारला. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

आई बघायला आली. तिने चष्मा पुसून फोटो बराच वेळ पाहिला. "यात तू दिसतेस," ती म्हणाली. "अण्णा असते तर ओरडले असते." मग आणखी जवळ जाऊन म्हणाली, "पण मध्ये छान दिसतेस."

काही दिवसांनी एक वयस्क गृहस्थ पासपोर्टचा फोटो काढून घ्यायला आले. दादा काउंटरवर होता. प्रत निघेपर्यंत ते काचेपाशी रेंगाळले.

"हा फोटो कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या स्टुडिओचा," दादा म्हणाला. "खाली शिक्का आहे बघा."

"शिक्का दिसला. पण आरशात ही कॅमेरा घेतलेली बाई आहे ना, ती कोण?"

दादाने पेन उगाच उचलून ठेवलं. "माझी बहीण."

"म्हणजे काढलाय त्यांनी," गृहस्थ म्हणाले. त्यांनी नाक काचेला लावलं. "आणि हा त्यांच्या शेजारी कोण हो? घामाघूम, तोंड उघडं, हातात डबा धरून उभा आहे तो?"

आतल्या टेबलाशी, मानचिन्हाखाली, धाकटी चार्जरमधले भरलेले सेल काढून डब्यात लावत होती, एकेक डोकं वर करून. तिने मान वर केली.

"तो होय? तो माझा भाऊ," ती म्हणाली. "सेल चार्जिंगला लावतो."